भोगी झाली, तरी 55 दिवस हातात आहेत

(संक्रांतीच्या आठवड्यात रेडिओवर झालेलं बोलणं)

 

परवा भोगी झाली. हरभऱ्याचे घाटे, वाटाणा, पावटा, गाजर, वांगं, वरून तिळाचं कूट आणि सोबत बाजरीची भाकरी, असं घरोघर झालं असेल. आम्ही त्याच दिवशी एका गटाच्या बैठकीला गेलो होतो. परसबागेचा विषय काढला, तर एक काकू म्हणाल्या, "अगं बाई, भोगी झाली. आता थंडीची भाजी लावून ती खायची कधी? होळी जळाली की थंडी पळाली."

काकूंचं म्हणणं निम्मं खरं आहे. थंडी आता थोडीच उरली आहे. पण थोडी उरली म्हणजे संपली, असं नाही. उरलेल्या थंडीत जी भाजी तयार होऊन ताटात येते, तीच निवडली तर आणखी दीड-दोन महिने घरची भाजी खाता येते. न बसणारी भाजी लावली, तर बी जातं, पाणी जातं, पैसेही जातात. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आमच्या चुकीतून शिकलो, तेच आज सांगणार आहोत.

आमची चूक

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका गटातल्या 11 जणींनी परसबाग करायचं ठरवलं. प्रत्येकीने गटातून 200 रुपये अंतर्गत कर्ज घेतलं. संक्रांत होऊन गेली होती. तेव्हा बाजारात कोबी-फ्लॉवरची रोपं मिळत होती, हिरवीगार, टवटवीत. आम्हीच म्हणालो, "घ्या, रोपं तयारच आहेत, वेळ वाचेल." 20 जानेवारीला लावणी झाली.

फेब्रुवारीत बागा छान दिसत होत्या. मार्च लागला, ऊन चढलं आणि चित्र बदललं. फ्लॉवरचे गड्डे लिंबाएवढे झाले आणि तिथंच थांबले. काही पिवळे पडले, काही विस्कटून केसाळ झाले. कोबीची पानं वाढत राहिली, पण गड्डा घट्ट बांधला जाईना. त्यात आडाचं पाणी खाली गेलं. एका ताईच्या घरी रोज बोलणी बसू लागली, "बायकांची बाग म्हणजे पाण्याचा नास." त्या ताईने एप्रिलमध्ये गटात येणंच बंद केलं. 200 रुपये काही फार मोठी रक्कम नव्हती. पण घरातल्यांपुढं तिचा शब्द पडला, ते नुकसान मोठं होतं.

गटाने नंतर सगळ्यांचं व्याज माफ केलं, मुद्दल मात्र प्रत्येकीने फेडली. आम्ही बैठकीत उभं राहून सांगितलं, की चूक बायकांच्या मेहनतीत नव्हती. चूक आमच्या सल्ल्यात होती. पीक चुकीचं नव्हतं, वेळ चुकली होती.

आधी दिवस मोजायचे

तेव्हापासून आम्ही एक नियम केला. बी विकत घेण्याआधी कॅलेंडर हातात घ्यायचं आणि उलटं मोजायचं.

आपल्याकडं मराठवाड्यात जानेवारीत दुपारचं तापमान 29-30 अंशाच्या आसपास असतं आणि रात्री चांगल्या गार असतात. मार्च सरता सरता दुपार 37-38 वर जाते. थंडीच्या भाज्यांना साधारण 15 ते 25 अंशाची हवा मानवते. म्हणून आम्ही 10 मार्च ही शेवटची तारीख धरतो. काही जणी म्हणतात, होळीपर्यंत धरा. पण होळी कधी मार्चच्या सुरुवातीला येते, कधी शेवटच्या आठवड्यात. सण मागंपुढं होतो, ऊन तसं होत नाही. म्हणून तारीख धरलेली बरी.

14 जानेवारी ते 10 मार्च किती दिवस झाले? बोटांवर मोजा. जानेवारीचे 17, फेब्रुवारीचे 28, मार्चचे 10. झाले 55 दिवस. तुम्ही आठवडाभर उशिरा सुरू केलंत, तर 48. फेब्रुवारी उजाडल्यावर सुरू केलंत, तर 37. जे पीक एवढ्या दिवसांत खायला येतं, ते आपलं. जे येत नाही, ते कितीही आवडत असलं तरी पुढच्या दिवाळीनंतर लावायचं.

इथं एक गोष्ट नीट ऐका, कारण आम्ही इथंच फसलो होतो. बियांच्या पाकिटावर दिवस लिहिलेले असतात. मेथी, मुळा, पालक यांचे दिवस बी टाकल्यापासून मोजतात. पण कोबी, फ्लॉवर, नवलकोल यांची आधी रोपं करावी लागतात. त्यांचे दिवस बहुतेक वेळा रोप लावल्यापासूनचे असतात. कोबीच्या पाकिटावर 70 दिवस लिहिलं असेल, तर रोप करायला लागणारे 25-30 दिवस वेगळे. तयार रोप आणलं तरी 20 जानेवारीपासून 70 दिवस म्हणजे 31 मार्च. आम्ही तेव्हा हा हिशेब केला असता, तर पैसे वाचले असते.

ऊन लागलं की भाजीला काय होतं

पालेभाजीचं झाड आपल्यासाठी पानं काढत नाही. त्याला स्वतःचं बी तयार करायचं असतं. डिसेंबरच्या 22 तारखेनंतर दिवस मोठा होत जातो. दिवस वाढला आणि वर ऊन तापलं, की झाडाला कळतं, आता वेळ थोडा आहे. मग ते पानं काढायचं सोडून फुलावर येतं. कोथिंबिरीची पानं बारीक दोऱ्यासारखी होतात आणि वर पांढऱ्या फुलांच्या छत्र्या येतात. मेथीला शेंगा धरतात आणि ती जास्त कडू लागते. पालकाला मधोमध दांडा येतो. मुळा आतून पोकळ आणि दोरेदार होतो, तिखटही होतो.

फुलावर आलेलं झाड खत-पाणी घालून परत पानांवर येत नाही. म्हणून उपाय एकच, ते फुलावर येण्याआधी आपण कापणीवर आलं पाहिजे. यासाठी पीक लवकर येणारं हवं आणि पेरणीला उशीर नको.

कोणती भाजी निवडायची

आम्ही भाज्यांचे तीन गट केलेत. पहिला गट महिन्याभरात येणाऱ्यांचा. यात सगळ्यात पुढं मेथी. 25 ते 30 दिवसांत जुडी तयार. तिच्या बरोबरीने मोहरीची कोवळी पानं, हरभऱ्याचे शेंडे आणि करडईची भाजी. करडई कोवळी असतानाच खुडायची, नाहीतर पानांना काटे येतात. घरात कोंब आलेले कांदे असतात, ते फेकू नका. कोंब वर ठेवून मातीत खोचा, 25-30 दिवसांत पात खुडता येते. पालकाची पहिली कापणीही महिन्याभरात होते. पण पालकाची खरी मजा दुसऱ्या-तिसऱ्या कापणीत असते, म्हणून तो मेथीपेक्षा आधी पेरायचा.

दुसरा गट 40 ते 50 दिवसांचा. यात कोथिंबीर, शेपू आणि मुळा. मुळ्यात 'पुसा चेतकी' नावाची जात आहे, ती ऊन थोडं जास्त सोसते आणि 40-45 दिवसांत येते. दुकानात मुळ्याचं बी मागताना नुसतं "मुळा द्या" म्हणू नका, जात विचारा. काही जाती कडक थंडीच्याच असतात, त्या आता लावून उपयोग नाही. नवलकोलाचं तयार रोप मिळालं, तर तेही या गटात बसतं. गड्डा टेनिसच्या चेंडूएवढा झाला की काढायचा, मोठा होण्याची वाट बघायची नाही.

तिसरा गट आता न लावायच्या भाज्यांचा. कोबी, फ्लॉवर, गाजर, वाटाणा, लसूण. गाजराला 80 दिवसांच्या पुढं लागतात. वाटाण्याच्या लवकर येणाऱ्या जातीही दोन महिने घेतात आणि फुलात असताना ऊन लागलं की फुलं गळतात. या भाज्यांना आपण नावं ठेवत नाही. त्यांची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबरची आहे, तेव्हा जरूर लावा.

बी कुठून आणायचं

या बागेचं अर्धं बी आपल्या स्वयंपाकघरात आहे. डब्यातली मेथी, मोहरी, धने, हरभरे. भाजलेले नसावेत आणि फार जुने नसावेत. मात्र आधी तपासून घ्या. 20 दाणे मोजा, ओल्या फडक्यात गुंडाळा आणि फडकं ओलसर ठेवा. मेथी-मोहरीचं चार दिवसांत कळतं, धन्याला दहा-बारा दिवस द्या. 20 पैकी 14 उगवले तर बी चांगलं, बेताचं दाट पेरा. 10 उगवले तर दुप्पट टाका. पाच-सहाच उगवले तर ते फोडणीलाच वापरा.

धने पेरण्याआधी पाटावर किंवा फरशीवर हलक्या हाताने चपलेने रगडा, म्हणजे एका धन्याच्या दोन डाळी होतात. भुगा करू नका. मग रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी पेरा. असं केलं नाही तर उगवायला आठवडाभर जास्त जाऊ शकतो, आणि आपल्याकडं आठवडे मोजकेच आहेत. मेथीही रात्रभर भिजवली तर तीन-चार दिवसांत वर येते.

पालक, मुळा, शेपू यांचं बी दुकानातून आणावं लागतं. पाकिटातलं बी कधी लाल, निळं, हिरवं दिसतं. त्याला कीड-बुरशी लागू नये म्हणून औषध चोळलेलं असतं. ते उरलं तरी खायचं नाही, कोंबड्यांना टाकायचं नाही, लेकरांच्या हाती लागू द्यायचं नाही. पेरून झालं की साबणाने हात धुवा. पाकिटावरची तारीखही वाचून घ्या, आपल्याला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या.

एकटीने पाच पाकिटं घेण्यापेक्षा पाच जणींनी एकेक पाकीट घ्यावं आणि वाटून घ्यावं. एका घरच्या वाफ्याला पालकाचं बी एक-दोन चमचे पुरतं.

वाफा कसा करायचा

जागा फार लागत नाही. आम्ही 3 फूट रुंद आणि 12 फूट लांब असे दोन वाफे करायला सांगतो. रुंदी 3 फूट यासाठी, की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो, वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. एवढी जागा नसेल तर एक वाफा करा. तोही नसेल तर खताच्या रिकाम्या गोण्या धुऊन त्यात माती भरा.

माती वीतभर खणून भुसभुशीत करा. त्यात चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा, एका वाफ्याला तीन-चार पाट्या. ताजं शेण घालू नका, त्याने हुमणी येते आणि रोपं करपतात. मग प्रत्येक वाफ्याचे काडीने रेघ मारून चार भाग करा. म्हणजे 3 बाय 3 फुटांचे आठ तुकडे झाले.

आता महत्त्वाचं. आठही तुकडे एकाच दिवशी पेरायचे नाहीत. सगळी मेथी एकदम पेरली तर सगळी एकदम येते. आठ दिवस मेथी-मेथी होते, घरातले कंटाळतात आणि उरलेली फुलावर जाते. म्हणून दर आठवड्याला दोन तुकडे पेरा. पहिल्या आठवड्यात पालक आणि मुळा, कारण एकाला कापण्या जास्त मिळतात आणि दुसऱ्याला दिवस जास्त लागतात. दुसऱ्या आठवड्यात कोथिंबीर आणि शेपू. तिसऱ्या आठवड्यात मेथी आणि कांद्याची पात. चौथ्या आठवड्यात पुन्हा मेथी आणि मोहरी. अशाने फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी काहीतरी कापायला असतं.

बी फेकून न पेरता बोटाने ओळी ओढा, त्यात पेरा आणि वरून अर्धा बोट माती लोटा. ओळीत पेरलं की तण ओळखू येतं आणि खुरपता येतं. मुळा फार दाट झाला तर तो जमिनीत पोसत नाही. कोवळी रोपं उपटून चार बोटांवर एकेक ठेवा. उपटलेल्या पाल्याची भाजी होते, ते वाया जात नाही.

राखणीची सोय पहिल्या दिवशीच करा. शेळी एकदा आत शिरली की महिन्याची मेहनत पाच मिनिटांत जाते. या दिवसांत तुरीची मळणी होऊन तुराट्या रिकाम्या पडलेल्या असतात. त्यांचं कुंपण चांगलं होतं, पैसे लागत नाहीत.

पाण्याचा प्रश्न

घरात वाद होतात ते पाण्यावरून. म्हणून हिशेब पाठ असू द्या. या दोन वाफ्यांना रोज दोन हंडे पाणी पुरतं. जानेवारीत त्याहून कमी लागतं, मार्चमध्ये थोडं जास्त. झारीने किंवा तळाला भोकं पाडलेल्या डब्याने सकाळी लवकर घाला. ओळींच्या मध्ये वाळलेला पाला, उसाचं पाचट किंवा सोयाबीनचा भुसा पसरा. त्याने ओल टिकते आणि ऊन थेट मातीला लागत नाही.

डाळ-तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी पालेभाजीला चालतं. आंघोळीचं आणि धुण्याचं साबणाचं पाणी मात्र पालेभाजीवर नको. कोथिंबीर, मुळा आपण कच्चाही खातो. ते पाणी केळी, पपई, शेवगा यांच्या बुडाला सोडा.

ज्या घरी पाणी डोक्यावरून आणावं लागतं, तिथल्या मैत्रिणींना आमचं सांगणं वेगळं आहे. तुम्ही दोन वाफे करू नका. एकच करा, तोही न्हाणीघराच्या नाही तर रांजणाच्या जवळ. बागेसाठी आणखी दोन खेपा तुमच्याच डोक्यावर येणार असतील, तर ती बाग तुमच्या कामाची नाही.

फेब्रुवारीच्या 20 तारखेनंतर दुपारचं ऊन टोचायला लागतं. तेव्हा वाफ्याच्या पश्चिमेला तुराट्यांवर जुनं सुती लुगडं बांधा. दुपारनंतरची सावली मिळाली की कोथिंबीर आणखी काही दिवस टिकते.

कीड आली तर

कोथिंबीर, मोहरी आणि मुळ्यावर मावा येतो. पानं चिकट होतात, आत आकसतात. सुरुवातीला सकाळच्या दवात चुलीची चाळलेली राख भुरभुरा. वाढला तर निंबोळी अर्क करा. 50 ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि संध्याकाळी फवारा. कापायच्या आधी चार-पाच दिवस फवारू नका आणि भाजी नीट धुऊन घ्या.

शेतात कापसावर, तुरीवर मारून उरलेलं औषध परसबागेत आणू नका. ही भाजी आठवड्याभरात लेकरांच्या पोटात जाणार असते.

कापणी आणि पुढचं पीक

मेथी उपटली तर एकदाच मिळते. बुडापासून दोन बोटं ठेवून विळ्याने कापली तर बहुतेकदा पुन्हा फुटते. पालकाची बाहेरची पानं खुडा, मधला कोंब राहू द्या. पंधरा-वीस दिवसांत पुन्हा कापणीला येतो. कापून झालं की लगेच पाणी द्या.

एवढं करूनही काही फुलावर जाईलच. जाऊ द्या. मुळा फुलावर गेला तर त्याला शेंगा येतात, त्या कोवळ्या डिंगऱ्यांची भाजी सगळ्यांना माहीत आहे. कोथिंबिरीची चार-पाच जोमदार झाडं मुद्दाम ठेवा. तिच्या फुलांवर मधमाश्या येतात आणि पुढच्या वर्षासाठी धने घरचेच होतात.

तुकडा रिकामा झाला की तिथं परत थंडीची भाजी लावू नका. फेब्रुवारीच्या शेवटी रिकाम्या तुकड्यांत उन्हाळा सोसणारं पेरा. माठ, तांदुळजा, राजगिरा, अंबाडी, गवार, भेंडी. पाणी पुरणार असेल तरच. पुरणार नसेल तर वाफा पाल्याने झाकून ठेवा, माती विश्रांती घेईल.

पहिली जुडी कुणाच्या ताटात?

आता शेवटची आणि आमच्या मते सगळ्यात मोठी गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाहणीत आपल्या राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. याची कारणं अनेक आहेत. पण एक कारण आपल्याच घरात आहे. भाजी थोडी असली की ती आधी पुरुषांच्या ताटात जाते, मग लेकरांच्या. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला भाकरी, चटणी आणि कढईला लागलेलं उरतं.

बाग आपण लावायची, पाणी आपण घालायचं आणि भाजी मात्र चाखायलाही उरू नये, हे बरोबर नाही. म्हणून आमच्या गटांनी ठरवलं आहे, घरच्या बागेतली भाजी ज्या दिवशी होईल, त्या दिवशी बाईने आपली वाटी आधी काढून ठेवायची. यात लाजण्यासारखं काही नाही.

भाजीतलं लोह अंगी लागावं म्हणून वर लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तासभर थांबा. आणि आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नका. नुसत्या पालेभाजीने कमी झालेलं रक्त भरून येत नाही. भाजी गोळीच्या सोबतीला आहे, गोळीच्या जागी नाही.

त्या ताईचं काय झालं?

ज्या ताईने गटात येणं बंद केलं होतं, तिच्या घरी आम्ही गेल्या वर्षी संक्रांतीला गेलो. हळदीकुंकवाचं वाण म्हणून आमच्या गटाने स्टीलच्या वाटीऐवजी बियांच्या पुड्या लुटल्या होत्या. कुंकू लावणारी असो की नसो, गटातल्या प्रत्येकीला पुडी दिली. तिलाही दिली आणि हिशेब समजावला. ती म्हणाली, "एकच वाफा करते. घरी सांगत नाही."

एकाचे तिने पंधरा दिवसांनी दोन केले. मार्चमध्ये ती वही घेऊन बैठकीला आली. वहीत तिने प्रत्येक कापणी लिहून ठेवली होती. सगळ्या मिळून 26 जुड्या आणि वर मुळे. बियांवर खर्च 40 रुपये. बाजारात जुडी 10 रुपयांना धरली तरी 260 रुपयांची भाजी झाली. घरातलं पाण्यावरचं बोलणं पूर्ण थांबलं नाही, हेही तिने सांगितलं. पण हंड्यांचा हिशेब वहीत होता, तो तिने वाचून दाखवला. या वर्षी तिच्या शेजारच्या तिघी तिच्याकडून शिकतायत.

मैत्रिणींनो, रेडिओवर ऐकताना तारखा लिहून घ्यायच्या राहून जातात, म्हणून खाली छापल्या आहेत. कापून चुलीजवळच्या भिंतीवर लावा. या तारखा आपल्याकडच्या हवेच्या आहेत. तुमच्या गावात ऊन लवकर तापत असेल तर आठ दिवस अलीकडं घ्या. डोंगराळ, गार भागात असाल तर आठ दिवस जास्त मिळतील.

या तारखेपर्यंत पेरा

पालक: 20 जानेवारी (30 दिवसांत पहिली कापणी, पुढं आणखी एक-दोन)
नवलकोल, तयार रोप: 20 जानेवारी (45 ते 50 दिवस)
मुळा: 24 जानेवारी (40 ते 45 दिवस)
कोथिंबीर: 29 जानेवारी (40 दिवस)
शेपू: 29 जानेवारी (40 दिवस)
मेथी: 8 फेब्रुवारी (25 ते 30 दिवस)
मोहरीची पानं, करडई, हरभऱ्याचे शेंडे: 8 फेब्रुवारी (25 ते 30 दिवस)
कोंब आलेल्या कांद्याची पात: 8 फेब्रुवारी (25 ते 30 दिवस)
कोबी, फ्लॉवर, गाजर, वाटाणा, लसूण: आता नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये

आज घरी गेल्यावर एवढंच करा. डब्यातले 20 मेथीचे दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. चार दिवसांनी उघडून बघा. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपले किती उगवले ते सांगायचं. तिथूनच सुरुवात करू.

रामराम.